दुखणे थांबल्यानंतरची कंबर

कंबरेचे दुखणे थांबले म्हणजे कंबर बरी झाली, असे आपण सगळेच धरून चालतो. कळ गेली, गोळ्या बंद झाल्या, पुन्हा खाली वाकता येऊ लागले, की तो विषय संपतो. आणि मग काही महिन्यांनी अगदी साध्या हालचालीत, जमिनीवर पडलेला कागद उचलताना किंवा अंथरुणातून उठताना, तीच कंबर पुन्हा धरते. पुन्हा विश्रांती, पुन्हा गोळ्या, पुन्हा शेक. मणक्याच्या खालच्या भागाला दुखापत झालेल्या कितीतरी जणांचे आयुष्य या फेऱ्यात अडकून राहते आणि आपली पाठ मुळातच कच्ची आहे, अशी त्यांची समजूत होऊन बसते. माझ्या दुखापतीनंतर पिलाटेस या व्यायामपद्धतीच्या आधाराने जे पुनर्वसन झाले, त्यातून मला सगळ्यात आधी उमगले ते हे, की दुखणे थांबणे आणि कंबर पूर्ववत होणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांतली दुसरी आपोआप घडत नाही.

यामागे ठोस शारीरिक कारण आहे. मणक्यांना अगदी लागून, दोन्ही बाजूंना, मल्टिफिडस नावाचा खोलवरचा स्नायू असतो. त्याचे तंतू काही मणके ओलांडून तिरकस उतरतात आणि आपण वाकतो, वळतो, वजन उचलतो तेव्हा प्रत्येक मणक्याला शेजारच्या मणक्याशी नीट जुळवून धरतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांची कंबर पहिल्यांदाच धरली होती अशा रुग्णांचा हा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तेव्हा दुखऱ्या बाजूचा स्नायू दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक झालेला आढळला. त्यांचे पुढचे निरीक्षण याहून महत्त्वाचे होते. काही आठवड्यांत बहुतेकांचे दुखणे थांबले, माणसे कामाला लागली, पण ज्यांनी त्या स्नायूसाठी नेमका व्यायाम केला नव्हता त्यांचा स्नायू बारीकच राहिला. याच रुग्णांचा पुढे पाठपुरावा केला गेला, तेव्हा वर्षभरात कंबर पुन्हा धरल्याचे प्रमाण व्यायाम केलेल्या गटात ३० टक्के आणि न केलेल्या गटात ८४ टक्के निघाले. अभ्यास लहान होता, अवघ्या ३९ रुग्णांचा. त्यामुळे या आकड्यांना ब्रह्मवाक्य मानण्याचे कारण नाही. तरीही वेदना गेल्यावर स्नायू आपणहून कामावर परतत नाही, ही गोष्ट समजल्यावर माझा स्वतःच्या शरीराकडे पाहण्याचा दृष्टिकोनच पालटला.

माझी दुखापत जिन्यावरून घसरून झाली. पायरीच्या कडेवर माकडहाडासकट आदळले, उठून उभी राहिले आणि सुरुवातीला नुसती पाठ ठणकत होती. नंतर ती कळ डाव्या नितंबातून मांडीच्या कडेने उतरत पोटरीपर्यंत पोहोचली आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे आणि किंचित डावीकडे फुगून तिथल्या नसेला टेकलेली एमआरआयमध्ये दिसली. कंबरेत मणके पाच. त्यांतल्या शेवटच्या दोन गाद्यांवर धडाचा भार आणि वाकण्याची बरीचशी हालचाल एकवटते, म्हणून गादीची दुखणी बहुतेक वेळा तिथेच उद्भवतात. गादीला बाहेरून तंतूंच्या अनेक थरांचे कडे असते आणि आत पाणीदार, दाट गर असतो. कड्याला चीर पडली, की गर त्या दिशेने रेटला जातो. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; वरच्या आणि खालच्या मणक्यांतून जे झिरपते त्यावर तिचे पोषण चालते आणि दाब कमी-जास्त होत राहिल्याने या झिरपण्याला मदत होते. म्हणजे गादीला हालचाल हवीच असते, फक्त ती सोसवेल इतकीच असावी लागते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवून आधी मला तपासले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पायाचा अंगठा वर उचलून त्यांच्या बोटाच्या दाबाला विरोध करायला लावला, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगितले, पाय सरळ ठेवून वर उचलताना कळ नेमकी कुठे सुरू होते ते पाहिले. अंगठ्यातली ताकद शाबूत होती, त्यामुळे लगेच शस्त्रक्रियेचा विचार करण्याचे कारण नव्हते. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये आणि बसण्याच्या जागी बधिरता आली किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी बजावून सांगितले. कंबरेच्या दुखापतीवर व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाला ही लक्षणे तोंडपाठ असायला हवीत, कारण ती दिसली की व्यायामाचा प्रश्नच उरत नाही.

अहवालातले शब्द मात्र मनात घर करून बसतात. झीज, फुगवटा, नसेवर दाब हे वाचल्यावर माणूस स्वतःच्या पाठीकडे मोडकळीला आलेल्या वस्तूसारखे पाहू लागतो. मला धीर आला तो २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यामुळे. पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र अभ्यासल्या होत्या. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज आणि ३० टक्के लोकांत फुगवटा आढळला. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ आणि ८४ टक्क्यांवर गेले. कंबर न दुखणाऱ्या इतक्या माणसांच्या अहवालात हेच शब्द येत असतील, तर माझ्या अहवालाने माझे पुढचे आयुष्य ठरवून टाकलेले नाही, एवढे निश्चित झाले. गादीतून बाहेर आलेला गर अनेकदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि सायटिकाचे, म्हणजे नस दबून कळ पायात उतरणारे, बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात, हेही त्याच सुमारास समजले.

तरी भीती सहजासहजी जात नाही. तिला जुन्या समजुतीचा आधारही असतो. कंबर धरली की आडवे पडून राहायचे, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांना दोन दिवसांची आणि काहींना सात दिवसांची विश्रांती सांगण्यात आली. दोन्ही गटांची प्रकृती सारखीच सुधारली. फरक एवढाच, की दोन दिवस झोपलेल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. हे ज्ञान डोक्यात उतरले, तरी अंगात उतरायला वेळ लागतो. खुर्चीतून उठताना माझा श्वास आपोआप रोखला जाई, नितंब आवळले जात, खांदे वर चढत आणि सगळे धड एका लाकडासारखे वळे. शिंक येणार असे वाटले, की हात भिंतीचा आधार शोधी. गादीचे दुखणे भोगलेल्या माणसाला शिंकेची भीती समजावून सांगावी लागत नाही. पोटातला दाब एकदम वाढतो आणि कळ विजेसारखी पायात उतरते.

या अवस्थेत मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी पिलाटेसचे रीतसर शिक्षण घेतलेले होते. पहिल्या दिवशी व्यायाम म्हणावा असे काहीच झाले नाही. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, तळपाय मॅटवर टेकवल्यावर त्या म्हणाल्या, “आज काही ताणायचं नाही आणि काही आवळायचंही नाही. तुमची कंबर जमिनीपासून किती वर आहे, तेवढं मला सांगा.” मला सांगता येईना. कंबरेचा तो भाग महिनोन्‌महिने माझ्यासाठी फक्त दुखण्याची जागा होता. तो कुठे आहे, कसा टेकला आहे, डावी-उजवीकडे सारखा आहे की नाही, याची मला काहीच जाणीव नव्हती. मग त्यांनी पेल्विस, म्हणजे कंबरेखालचा हाडांचा घेर, हे पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे आहे असे समजायला सांगितले. ते पाणी बेंबीकडे सांडेल इतके भांडे झुकवायचे, मग पायांच्या दिशेने, मग एकेका बाजूला, आणि शेवटी कुठेच सांडणार नाही अशा जागी आणून थांबायचे. कंबरेपुढची दोन्ही टोकदार हाडे आणि खालचे जांघेतले मधले हाड एका पातळीत आले, की कंबरेचा नैसर्गिक बाक कायम राहतो. यालाच तिथे ‘न्यूट्रल’ म्हणतात. ही हालचाल इतकी लहान होती, की शेजारी उभे असलेल्या माणसाला मी नुसती पडून आहे असेच वाटले असते.

त्यानंतर त्यांनी रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखी एक हवेची पिशवी माझ्या कंबरेखाली सरकवली आणि तिच्या काट्यावर ४० मिलिमीटर दाब येईपर्यंत ती फुगवली. आता मला एवढेच करायचे होते: काटा जागचा न हलवता एक पाऊल मॅटवरून उचलायचे. ऐकायला हे काहीच नाही. पण डावे पाऊल बोटभर उचलले जाण्याच्या आधीच काटा सर्रकन खाली आला, म्हणजे कंबर पिशवीवरून उचलली गेली होती. दुसऱ्या वेळी तो वर गेला, म्हणजे मी घाबरून कंबर खाली दाबली होती. पायाचे वजन पेलण्याआधी धड स्थिर करण्याचे जे काम शरीराने न सांगता करायला हवे, ते माझ्या शरीरात होत नव्हते आणि त्याचा पुरावा त्या काट्याच्या रूपाने माझ्या नजरेसमोर होता. मला त्या काट्याचा राग आला नाही. उलट, इतके महिने जे नुसते अस्पष्ट दुखणे होते, त्याला पहिल्यांदा एक दिसणारे, मोजता येणारे आणि म्हणून सुधारता येणारे रूप मिळाले, याचा मोठा दिलासा वाटला.

क्वीन्सलँड विद्यापीठातच पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली नेमके हेच दाखवून दिले होते. निरोगी माणूस हात झटकन वर उचलतो, तेव्हा हाताचा स्नायू काम सुरू करण्याच्याही आधी त्याच्या पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू कामाला लागतो आणि धड सावरतो. कंबरदुखीच्या रुग्णांत तोच स्नायू उशिरा जागा होत होता. हा उशीर सेकंदाच्या काही शतांश भागांचा असतो, पण तेवढ्या वेळात भार मणक्यांवर येऊन पडलेला असतो. मनोहर पंजाबी या संशोधकांनी १९९२ साली मणक्यांच्या स्थैर्याची जी मांडणी केली, तिच्यातही हाडे व अस्थिबंध, स्नायू आणि त्यांना आदेश देणारी मज्जासंस्था अशा तिन्हींचा मिळून विचार आहे. दुखापतीने एक बाजू लंगडी पडली, तर उरलेल्या दोघींना ती उणीव भरून काढता येते. व्यायामाने गादीची चीर शिवली जात नाही. पण स्नायू आणि त्यांचे नियंत्रण सुधारले, तर त्या गादीला कमी सोसावे लागते, ही यातली तर्कसंगती मला पटते.

तो आतला स्नायू शोधण्याची पद्धत साधी आहे. कंबरेपुढच्या दोन हाडांच्या किंचित आत आणि खाली दोन-दोन बोटे टेकवायची, श्वास आत घ्यायचा आणि सोडताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू अलगद वर उचलायचे. बोटांखाली एक हलका, सावकाश ताण जाणवला तर बरोबर. एकदम टणक फुगवटा आला, तर बाहेरच्या मोठ्या स्नायूंनी काम हिसकावून घेतले असे समजायचे. श्वासही पोट फुगवून घ्यायचा नसतो, बरगड्या दोन्ही बाजूंना आणि मागे पसरतील असा घ्यायचा असतो. थेरपिस्ट माझ्या बरगड्यांच्या मागच्या बाजूला तळहात ठेवून सांगत, “माझा हात श्वासानं बाहेर ढकला.” कित्येक दिवस तो हात जागचा हलला नाही. श्वासपटल, ओटीपोटाचा तळ, पोटाचा आडवा स्नायू आणि पाठीमागचा मल्टिफिडस हे चौघे मिळून कंबरेभोवती आतून आधार तयार करतात आणि श्वास रोखून धरणाऱ्या माणसात हा आधार नीट उभाच राहत नाही, हे मला त्या तळहातामुळे कळले.

पिलाटेसचे मूळ व्यायाम मात्र जखमी कंबरेसाठी जसेच्या तसे योग्य नाहीत आणि हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत म्योन्शनग्लाडबाख येथे जन्मले. लहानपणी ते दमा आणि मुडदूस यांनी आजारी असत आणि त्यातूनच त्यांना शरीर घडवण्याचा ध्यास लागला. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून ते ब्रिटनमध्ये स्थानबद्ध होते. तिथे आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून त्यांनी झोपल्या जागी व्यायाम करवून घेतला, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आणि त्यांच्या जोडीदार क्लारा यांनी व्यायामशाळा काढली आणि तिथे दुखापत झालेले नर्तक मोठ्या संख्येने येऊ लागले. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. पण त्यांच्या मूळ मॅटच्या व्यायामांत पाठ गोल करून वाकण्यावर, उठण्यावर आणि लोळण्यावर मोठा भर आहे. झोपल्या जागेवरून पाठ गोल करत उठून बसण्याचा रोल-अप, गुडघे छातीशी धरून पाठीवर लोळणे, पाय डोक्यामागे नेणे हे सगळे निरोगी नर्तकासाठी सुंदर व्यायाम असतील; मागच्या बाजूला फुगलेल्या गादीवर मात्र अशा पुढच्या वाकण्याने आणखी दाब येतो.

म्हणून पुनर्वसनातले पिलाटेस म्हणजे मुख्यतः निवड. काय घ्यायचे, काय गाळायचे आणि काय कधी परत आणायचे, हे ज्याला कळते तोच ते शिकवू शकतो. माझ्या बाबतीत पुढे वाकण्याचे व्यायाम वगळले गेले आणि पालथे झोपून छाती हळूहळू उचलणे, हात-गुडघ्यांवर राहून एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांबवणे, कुशीवर झोपून वरचा पाय पुढे-मागे नेणे, पेल्विस उचलून पूल करणे, अशा व्यायामांवर भर राहिला. त्याच वर्गात येणाऱ्या एका आजोबांचे सगळे याच्या उलट चालत असे. त्यांच्या मणक्यातील नसांचा मार्ग अरुंद झाला होता. त्यांना मागे वाकले की पायात गोळे येत आणि पुढे झुकले की बरे वाटे. मला जे वर्ज्य, तेच त्यांना सुसह्य. दोघांच्या तक्रारीचे नाव एकच, कंबरदुखी. आणि दोघांना एकच व्यायाम दिला असता, तर एकाचे नुकसान ठरलेले होते.

वेदनेकडे कसे पाहायचे, हेही तिथे शिकायला मिळाले आणि मला वाटते, व्यायामांइतकेच याचेही मोल आहे. एका आठवड्यात पोटरीतली कळ नाहीशी झाली, पण कंबर आधीपेक्षा जास्त दुखू लागली. मी धास्तावले. थेरपिस्टना मात्र समाधान वाटले. पायात उतरलेले दुखणे वर सरकत कंबरेच्या मध्याकडे येऊ लागले, तर ते साधारणपणे सुधारण्याचे चिन्ह असते, कंबर तात्पुरती जास्त दुखली तरीही. आणि दुखणे खाली उतरू लागले, तर कमी दुखत असले तरी थांबून विचार करायचा. दुसरा नियम चोवीस तासांचा. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमले, तर ते प्रमाण सोसले असे धरायचे. त्याहून लांबले, तर मात्रा कमी करायची. या दोन नियमांनी मला माझ्याच दुखण्याचे वाचन करता येऊ लागले. आधी प्रत्येक कळ म्हणजे गादी आणखी फाटली असे वाटायचे. आता ती कळ कुठे आहे, कधी आली, किती वेळ टिकली, असे प्रश्न मनात येऊ लागले आणि प्रश्न आले की घबराट ओसरते.

रिफॉर्मर हे यंत्र मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते व्यायामापेक्षा शिक्षेचे साधन वाटले होते. एक लांब चौकट, तिच्यात रुळांवर पुढे-मागे सरकणारा गादीचा पाट, पाटाला एका टोकाशी बांधणाऱ्या स्प्रिंगा आणि पायांसाठी एक आडवा दांडा. पाठीवर झोपून, टाचा दांड्यावर टेकवून पाय सरळ केले, की पाट मागे सरकतो आणि स्प्रिंगा ताणल्या जातात. गुडघे वाकवले, की त्या त्याला परत ओढतात. ही खरे तर उठबशीच आहे, पण आडवी. पायांना आणि नितंबांना पूर्ण काम मिळते. उभे असताना धडाचे वजन मणक्यांवर जसे येते, तसे इथे येत नाही. उभ्याने खुर्चीतून उठणे ज्या काळात मला नकोसे होते, त्या काळात मी झोपून पायांची ताकद राखू शकले, ती या यंत्रामुळे. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. काही व्यायामांत स्प्रिंगा कमी केल्या की काम सोपे होण्याऐवजी अवघड होते, कारण यंत्राचा आधार काढून घेतला जातो आणि पाट थरथरू नये म्हणून धडालाच स्थिर राहावे लागते. पाट परत येताना चौकटीच्या टोकाशी धाडकन आदळला, तर आपण स्प्रिंगेला शरण गेलो हे सगळ्या खोलीला ऐकू जाते. तो आवाज न होऊ देता पाट सावकाश आणायचा, हीच त्या व्यायामाची कसोटी.

वर्गात शिकलेले रोजच्या हालचालींत उतरले नाही, तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. झोपेत कूस बदलताना आधी श्वास सोडून खांदे आणि पेल्विस एकत्र वळवायचे. शिंक आली तर पोट हलके आत घेऊन पाठ सरळ ठेवायची. खाली वाकायचे तर कंबरेतून नाही, खुब्यातून. हे शेवटचे शिकण्यासाठी एक लांब काठी पाठीवर धरावी लागे, डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाडाचा वरचा भाग अशा तीन ठिकाणी टेकलेली. नितंब मागे ढकलत पुढे झुकताना या तिन्हींपैकी एक जागा जरी सुटली, तरी थांबून पुन्हा सुरुवात. सकाळी उठल्याबरोबर तासभर वाकण्याची कामे टाळायची, हाही एक नियम होता. रात्री आडवे असताना गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि सकाळी वाकताना त्यांच्यावरचा ताण दिवसापेक्षा जास्त असतो.

या सगळ्यानंतरही पिलाटेस हाच एकमेव मार्ग आहे, असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. उपचारांच्या पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली कंबरदुखीवरील पिलाटेसच्या १० चाचण्या आणि त्यांतील ५१० रुग्णांचा आढावा घेतला. फारसे उपचार न घेण्यापेक्षा पिलाटेसने वेदना आणि हालचालींतील अडचण कमी होते, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचे निर्णायकपणे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता; आणि पुराव्याचा दर्जाही कमी ते मध्यमच होता. आतल्या स्नायूला वेगळे काढून जागे करण्याच्या कल्पनेवरही नंतरच्या काळात बरीच टीका झाली आहे आणि साध्या, सर्वसाधारण व्यायामानेही अनेकांना तितकाच गुण येतो. मला हे निष्कर्ष खटकत नाहीत. मला पिलाटेस मानवले, कारण त्यात हालचाल अगदी लहान मात्रेपासून सुरू करता येते आणि प्रत्येक हालचालीकडे पुरते लक्ष द्यावे लागते. भीतीने आखडलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी हव्या असतात. ज्याला चालणे, पोहणे किंवा योगासने जमतात आणि नियमाने करवतात, त्याने ती करावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्या सगळ्यांना एकच व्यायाम लागू पडेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

शिक्षक निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. पिलाटेस हे नाव कोणा एकाच्या मालकीचे नाही, असा निकाल २०००च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयाने दिला आणि तेव्हापासून अमेरिकेत ते नाव कोणालाही वापरता येते. इतरत्रही व्यवहारात तेच चालते. त्यामुळे दारावरच्या पाटीवरून काहीच कळत नाही. मोठ्या आवाजातल्या संगीतावर वीस जणांकडून एकसाथ शंभर वेळा पोट आवळून घेणारा वर्गही पिलाटेसच आणि हवेच्या पिशवीवर एकेक पाऊल उचलायला लावणारी खोलीही पिलाटेसच. दुखापत ताजी असताना पहिल्या प्रकारच्या वर्गात जाऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. पहिल्या भेटीत तुमचा अहवाल न विचारता, पायातली ताकद न तपासता, कोणत्या हालचालीने कळ पायात उतरते हे न पाहता जो थेट मॅटवर झोपवतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.

सध्या माझ्या पुनर्वसनात वजन उचलणे आले आहे. स्प्रिंगांनी नियंत्रण आले आणि बरीच ताकदही आली. पण सामान उचलणे, मूल कडेवर घेणे या गोष्टी उभ्याने, गुरुत्वाकर्षणाशी झगडतच कराव्या लागतात आणि त्यासाठी पाठीला खऱ्या भाराची सवय हवी, असे थेरपिस्टचे म्हणणे आहे. काठी पाठीला लावून जे झुकणे शिकले, तेच आता हातात केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेले गोल वजन, घेऊन करते. वजन वाढवायचे की नाही, हे त्या दिवशी किती सहज उचलले गेले यावर ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पोटरीत काही उतरले का, ते पाहून ठरते. पाठ गोल करण्याचे व्यायामही थोडे-थोडे परत येऊ लागले आहेत, बसून पुढे झुकण्यापासून सुरुवात करून, कारण कंबर आयुष्यभर सरळच ठेवायची, हाही भीतीचाच एक प्रकार आहे असे त्या मानतात. रोल-अपचा विषय अजून निघालेला नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी हे वजन महिनाभर सोसू दे, मग बघू.”